हा वास आमचा नाही

"कुणी काय बी इचारू दे, तुला काय ठावं न्हाय," काकी माझ्या कानाशी पुटपुटली आणि तिनं माझं मनगट इतकं जोरात दाबलं की हातातली बांगडीच वाकली. "कळलं का गं माये? तुला काय बी ठावं न्हाय."

टेंपो खड्ड्याखड्ड्यांतून उडत चालला होता. मागच्या हौद्यात आम्ही तिघं. काकी, मी, आणि काकीच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ बिरू. एरवी चालत्या घोड्याच्या शेपटीला लोंबकळून आईच्या शिव्या खाणारा बिरू ओल्या घोंगड्यासारखा पडला होता. तोंडातून लाळ गळत होती. पुसली की परत, पुसली की परत. काकीचा पदर भिजून चिंब झाला होता. त्याच्या दंडाची कातडी आपोआप थरथरत होती, माशी बसल्यावर घोड्याची थरथरते तशी.

"काकी, त्याला काय होतंय?"

"काय न्हाय होत. एक इंजेक्शान दिलं की उठून पळाया लागंल."

पुढं म्हात्रेदादांच्या शेजारी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, आमच्यातले सगळ्यात मोठे. टेंपो म्हात्रेदादांचा, आणि आमची मेंढरं त्या पहाटेपर्यंत त्यांच्याच भाताच्या खाचरात बसली होती. आप्पा दर वळणाला मान मागं करून ओरडायचे, "श्वास चालू हाय न्हवं?" आणि काकी ओरडून सांगायची, "हाय, हाय!"

मी काहीच ओरडत नव्हते. आज मला ओळखणाऱ्या कुणाला हे पटणार नाही. आज मी दहावीत आहे, वसतिगृहात राहते, आणि आमच्या शाळेचं गॅदरिंग माझ्या निवेदनाशिवाय सुरूच होत नाही. विज्ञानाच्या सरांनी तर माझं नाव 'आकाशवाणी' ठेवलंय! पण तेव्हा मी पाचवीत होते, तेही नुसती हजेरीपटावर. शाळा तिकडं माण तालुक्यात आणि मी इकडं कोकणात, मेंढरांच्या मागं. आणि माझ्या पोटात एक गोष्ट होती, जी मला चांगली ठाऊक होती आणि ठाऊक नसायला हवी होती.

सकाळी असं झालं होतं.

आमचा वाडा त्या दिवशी हलणार होता. वाडा म्हणजे घर नव्हे हं. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं, भांडीकुंडी असा जो आमचा चालता संसार, त्याला आम्ही वाडा म्हणतो. एका शेतात दोनतीन मुक्काम झाले की उठायचं. पुरुष मेंढरं चारायला नेतात आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या शेतात जाऊन चूल मांडतात. त्या सकाळी माझे वडील आणि तात्या मेंढरं घेऊन गेले. तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, काकीचा नवरा. आई घोडी घेऊन पुढं गेली. मागं राहिले आप्पा, नुकत्याच जन्मलेल्या कोकरांपाशी, आणि बिरूला सांभाळायला काकी आणि मी.

बिरूला खरूज झाली होती. अंगावर होतीच, पण डोक्यात तर नुसत्या खपल्या आणि पू. झोपेतसुद्धा खाजवायचा आणि रडायचा. त्याला दवाखान्यात नेलं नव्हतं असं नाही. घाट उतरल्या उतरल्या आई एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती, मीपण होते बरोबर. तिथल्या बाईंनी आधी गाव विचारलं. आईनं माणमधलं सांगितलं.

"मग इथं कशाला आलात? तिकडंच दाखवायचं ना."

"तिकडं होतो तवा झालं नव्हतं, बाई."

"बरं बरं. जरा लांब उभ्या राहा."

त्यांनी मलमाची एक ट्यूब दिली आणि सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी लावा, रोज कढत पाण्यानं आंघोळ करा, अंथरुणं-पांघरुणं उकळून काढा आणि आठ दिवसांनी परत दाखवा. बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आठ दिसांनी आपुन कुटं असू, त्या बाईला ठावं हाय का?" आम्हालासुद्धा ठाऊक नव्हतं. अंथरुणं उकळायची तर केवढं पातेलं पाहिजे! आणि मलम तर बिरूच्या एका पायालाच संपलं.

जनावरांच्या दवाखान्यात असं नसायचं. तिथं आप्पा गेले की डॉक्टर खुर्ची पुढं करायचे. "या आप्पा! औंदा कुठल्या वाटंनं उतरलात? मेंढरं काय म्हणतायत?" चहा यायचा. आप्पांना कुठल्या आजाराला काय पाजायचं, सुई कुठं टोचायची, सगळं येतं. आमच्या एका घोडीच्या पाठीवर एक पिशवी कायम असते, तीत मेंढरांची औषधं. माणसाचं औषध त्या पिशवीत कधीच नव्हतं. आम्ही आजारी पडलो की पडायचं आणि उठायचं.

तर मी झऱ्यावरून पाणी घेऊन आले तेव्हा काकी बिरूच्या डोक्याला काहीतरी चोळत होती. आधी वास आला. रॉकेल आणि कुजका लसूण एकत्र केल्यासारखा, नाकात शिरला की डोळ्यांतून पाणीच. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखला असता. लोकर कातरली की मेंढरांना ज्या पाण्यात बुडवून काढतात, त्या गोचिडाच्या औषधाचा.

"काकी! ते मेंढरांचं हाय!"

"मग? मेंढराची खरूज एका धुण्यात जाती, बघतीस न्हवं? माणसाची का जाणार न्हाय?"

"पण आप्पा अख्ख्या बादलीत टोपणभर टाकत्यात."

"मेंढरं अंग चाटत्यात, म्हणून पाणी घालाय लागतंय. आपला बिरू काय सोताची डुई चाटतोय व्हय?" काकी हसली. बिरूपण हसला आणि त्यानं जीभ काढून डोक्यापर्यंत पोचते का ते पाहिलं. काकीनं त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बसवली, वरून फडकं घट्ट बांधलं. "आतल्या आत मुरू दे. उद्या तुझा नंबर, माये."

सूर्य डोक्यावर यायच्या आत बिरूनं पहिली उलटी केली. मग दुसरी. मग त्याला पायांवर उभं राहता येईना. काकीनं घाईघाईनं ते फडकं आणि पिशवी सोडून चुलीत घातली, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मग आप्पांना हाक मारली. आप्पा आले, बिरूचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "साप. खाचरात निजला व्हता न्हवं पोरगं? कांडर असंल, मन्यार, त्येचा दात दिसत बी न्हाय."

काकी बिरूची लाळ पुसत राहिली.

आणि आता टेंपोत ती माझं मनगट सोडत नव्हती. तिचा हात गार आणि घामानं ओला होता, जसा काही पाण्यातून काढलाय.

"सांगितलंस तर तात्या मला म्हायेरला घालवत्याल," ती म्हणाली. "मग न्हाय आणायचे. तुला ठावं हाय."

ठाऊक होतं. काकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दिवाळीत वाडा निघताना बायका काय काय बोलल्या होत्या ते मी ऐकलं होतं. दुसरी करा, एवढंच ते बोलणं. आणि बिरू तर रोज हिच्याच कुशीत झोपायचा, आईच्या नाही. माझी वेणी घालणारी, बिरूचं नाक पुसणारी, कोकरू मेलं तर दिवसभर न जेवणारी ही बाई माझ्याकडं अशी बघत होती, जसं काही मी पोलीस आहे.

"पण डॉक्टरांना सांगाय लागंल ना काकी?"

"साप म्हणू दे की. इंजेक्शान त्ये इंजेक्शान. सुई टोचली की सगळंच बरं व्हतं." ती बाजूला वळून थुंकली. परत थुंकली. "सगळंच व्हतं बरं," ती म्हणाली.

तालुक्याच्या रुग्णालयाच्या दारात आप्पांनी बिरूला उचललं आणि पळतच आत गेले. त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं फरशीवर पडलं, ते मी उचललं. आत बाकांवर माणसंच माणसं. आम्ही आल्यावर एका बाकावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि त्या सरकल्या. तसं आम्हाला त्याची सवय आहे. बसमध्येसुद्धा आम्हाला न मागता जागा मिळते!

खिडकीतला माणूस म्हणाला, "केसपेपर काढा. नाव? गाव?"

"आरं पोरगं चाललंया!" आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की सगळं रुग्णालय गप्प झालं. "गाव काय इचारतोस? साप चावलाय ह्याला, साप!"

मग सगळे पळाले. एक सिस्टर आली, तिनं बिरूला आतल्या खाटेवर टाकायला लावलं. डॉक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, केस वर बांधलेले, पायात मुलांसारखे बूट. त्यांनी बिरूची पापणी उचलून बॅटरी मारली, छातीला नळी लावली, मग त्याचे पाय, घोटे, बोटांच्या बेचक्या, मान, कानामागं, सगळीकडं बघितलं. सगळीकडं खरजेचे फोड. त्यात सापाचा दात कुठं शोधायचा?

"कधी चावला?"

"आताच. म्हंजी, सकाळच्याला," आप्पा म्हणाले.

"कुणी पाहिला साप?"

आप्पांनी काकीकडं पाहिलं. काकीनं मान खाली घातली आणि अर्धवट हलवली, ती 'हो' होती की 'नाही' हे देवालाच कळलं असतं.

"फवारणीचं काही औषध प्यायला का हा? शेतात ठेवलेलं? युरिया, कीटकनाशक, काहीही?"

"आमची कुठली फवारणी, बाई? आमी मेंढरंवाले. आमाला शेतच न्हाय."

आप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आणि गोचिडाच्या औषधाचा वास? तो तर त्यांच्या हाताला, कपड्यांना, बटव्यालासुद्धा जन्मभर आहे. त्यांच्या नाकाला तो वेगळा कळणारच नव्हता.

मॅडमनी पुन्हा बिरूच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मी खाटेच्या पायथ्याशी आप्पांचं घोंगडं कवटाळून उभी होते आणि मला त्याच्या डोळ्यांतलं बुबुळाचं काळं टिपकं दिसलं. मोहरीएवढं. बॅटरी विझल्यावर, एवढ्या अंधाऱ्या खोलीतसुद्धा, मोहरीएवढंच. त्याच्या छातीतून खळखळ आवाज येत होता, पाण्यात नळी घालून फुंकल्यासारखा.

"हा वास कसला येतोय?" मॅडमनी मान वर करून विचारलं.

सिस्टर तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाली, "धनगर ना मॅडम. यांच्या अंगाला असतोच. मेंढ्यांचा."

मॅडमनी मान डोलावली. "बरं. सापाचं इंजेक्शन काढा. सलाईन लावा. आणि गाडीला फोन करून ठेवा, अलिबागला पाठवायची वेळ येईल."

सिस्टर कपाटाकडं वळली. काकीनं माझा हात धरला, घट्ट, आणि माझ्याकडं बघून अगदी हळू मान हलवली. नाही. नाही. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती आणि तिनं ती पुसलीसुद्धा नाही. मला वाटलं, भीतीनं तिचं भान सुटलंय. माझंही सुटलं होतं. बोलले तर काकी गेली. नाही बोलले तर बिरू. मला वाटत होतं की कुणीतरी मोठं येईल आणि माझ्याऐवजी बोलेल. आई कुठल्या वाटेवर होती कोण जाणे. घोड्याच्या मागं चालत असेल, तिला काहीच ठाऊक नसेल.

बिरूच्या छातीतला खळखळाट थांबला. नुसता थांबला. मॅडमनी त्याची हनुवटी वर उचलली आणि तोंडात नळी घालून लाळ ओढली, तेव्हा तो परत सुरू झाला.

"हा वास आमचा नाही," मी म्हणाले.

कुणीच ऐकलं नाही. म्हणून मी ओरडले. पोटातून ओरडले, लांडगा आला की ओरडतात तशी.

"हा वास आमचा नाही! आमचा वास असा नसतो! हा गोचिडाच्या औषधाचा हाय!"

सगळे वळले. काकीचा हात माझ्या हातातून सुटला.

"कसलं औषध?" मॅडम माझ्यासमोर खाली बसल्या. खाली बसल्या म्हणजे अगदी उकिडव्या, माझ्या डोळ्यांना डोळे. "नीट सांग बाळा. कुठंय ते?"

"डोक्याला. त्याच्या डोक्याला चोळलंय. मेंढरं धुतात त्याचं. पाणी न घालता. वर पिशवी बांधली होती." आणि मग मी रडायला लागले आणि रडता रडता सांगतच राहिले, थांबताच येईना. "खरूज जावी म्हणून हो! मुद्दाम नाही! त्याला मारायचं म्हणून नाही!"

मॅडमनी बिरूच्या केसांना नाक लावलं. त्या उठल्या तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. "सापाचं राहू द्या. अ‍ॅट्रोपीन. आहे तेवढं सगळं आणा. हातमोजे घाला सगळ्यांनी. कपडे काढा याचे, डोकं भादरा, साबण, पाणी, पाणी, पाणी! औषधाचं नाव कुणाला माहीत आहे?"

आप्पांनी नाव सांगितलं. ते इंग्रजी नाव त्यांनी न अडखळता सांगितलं आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. "टोपणभर," ते म्हणाले. "बादलीला टोपणभर टाकायचं असतंय त्ये. कुणी? कुणी लावलं गं?"

मी कुणाकडंही बघितलं नाही. पण खोलीत आमच्यातलं चौथं माणूस कोण होतं?

"कुणी चोळलं?" मॅडमनी सुई टोचता टोचता विचारलं. "कोणत्या हातांनी? त्या हातांना मोजे होते का?"

मॅडमनी मान वर केली आणि पहिल्यांदाच काकीकडं बघितलं. आम्ही आल्यापासून कुणीच तिच्याकडं बघितलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहऱ्यावरून घाम नुसता वाहत होता. लुगड्याचा पुढचा भाग लाळेनं भिजलेला. मला वाटत होतं ती सगळी बिरूची आहे.

"इकडं या," मॅडम म्हणाल्या.

"मला काय न्हाय झालं," काकी म्हणाली. "मी भ्यालीया नुसती. मला काय न्हाय." तिनं दार सोडलं, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला तिचे गुडघे दुमडले. आप्पा उठायच्या आत ती फरशीवर होती. तिचा पदर सरकला, आणि तो वास, तोच, भप्पकन आला. तिच्या केसांना. तिच्या मानेला. खरूज तिलाही होतीच. बिरू तिच्याच कुशीत झोपायचा ना. उरलेलं औषध तिनं स्वतःला चोळलं होतं, मी परत झऱ्यावर गेले तेव्हा, आणि वर पदर ओढून घेतला होता.

"डोळे बघा," मॅडम सिस्टरला म्हणाल्या. "हिचेही तसेच. अहो, ही तर मघापासून आपल्यासमोर उभी होती!"

सिस्टरनं तोंडावरचा रुमाल कधी काढला ते मला कळलं नाही. ती खाली बसून काकीच्या अंगावर मगानं पाणी ओतत होती आणि म्हणत होती, "ए बाई, डोळे उघड. ए बाई, नाव काय तुझं? कुणीतरी नाव सांगा हिचं!"

"सोनाबाई!" मी ओरडले. "सोना!"

मग मला बाहेर काढलं. दार लावलं. मी आणि आप्पा बाकावर बसलो. त्या दारामागं काय चाललंय ते कळत नव्हतं. बादल्यांचा आवाज, पळापळ, मधेच मॅडमचं "अजून एक द्या", मग शांतता, मग परत "अजून एक". ती शांतता सगळ्यात वाईट. मी प्रत्येक वेळी श्वास धरायची आणि "अजून एक" ऐकू आलं की सोडायची. आप्पांनी तंबाखूचा बटवा काढला, उघडला, तसाच बंद केला. त्यांचे हात मी असे कधी बघितले नव्हते. अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू ओढून काढणारे हात, ते मांडीवर नुसते पडले होते.

"मला इचारायचं की तिनं," ते म्हणाले. "मी काय लांब व्हतो का? कोकरापाशीच व्हतो."

"तुम्हाला ती कशी विचारंल आप्पा? ती तुमच्यासमोर बोलती तरी का?"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. कुणीच बोलत नाही.

एक हवालदार येऊन गेला. विषाची केस आली की रुग्णालयाला कळवावंच लागतं, असं खिडकीतला माणूस म्हणाला. हवालदारानं माझ्याकडं बघितलं, मी आप्पांच्या मागं लपले, आणि तो म्हणाला, "मोठी माणसं येऊ देत, मग बोलू." तो गेला. आता पोलिसांचीपण भर!

आई आणि तात्या आले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. म्हात्रेदादांनी टेंपो तसाच पुढं नेऊन त्यांना शोधून आणलं होतं; वडील मेंढरांपाशी थांबले होते. आई अनवाणीच धावत आली. काय झालं ते वाटेत अर्धं कळलं होतं, उरलेलं आप्पांनी सांगितलं. मी आईच्या चेहऱ्याकडं बघत होते. वीज पडायच्या आधी आभाळाकडं बघतात तशी. आई चिडली की आमचे कुत्रेसुद्धा घोडीखाली जाऊन बसतात.

आईनं एकच विचारलं. "दोघं बी आत हायती?"

"हो."

"जित्ती?"

तेवढ्यात दार उघडलं. मॅडमचे बूट ओले, कपडे ओले, बांधलेले केस सुटलेले. "या आत," त्या म्हणाल्या. "हळू बोला."

बिरूचं डोकं गुळगुळीत केलेलं. नाकात ऑक्सिजनची नळी. गाल लालबुंद, पण छाती खालीवर होत होती आणि खळखळ नव्हती. शेजारच्या खाटेवर काकी. तिचेही लांबसडक केस भादरलेले. केसांशिवाय ती केवढीशी दिसत होती, माझ्या वर्गातल्या मुलीएवढी.

"या औषधानं तोंड कोरडं पडतं," मॅडम आईला सांगत होत्या. "कोरडं पडलं की समजायचं लागू पडतंय. मुलाचं पडलंय. हिचं अजून नाही. हिच्या अंगात जास्त गेलंय, आणि उशीर झाला. ही पोरगी बोलली नसती तर मी दोघांनाही..." त्या पुढं बोलल्या नाहीत. "चारपाच दिवस हलायचं नाही. उद्या पुढं जायचंय वगैरे मला सांगू नका."

आईनं बिरूच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तात्या काकीच्या खाटेपासून लांब, दारातच उभे होते. त्यांचा जबडा आवळलेला होता.

"वैनी," ते म्हणाले, "ही बरी झाली की हिच्या बापाला बोलवून घेतो. घिऊन जा म्हंतो. लेकरू मारायला बसली व्हती आमचं. सोताला हुईना आन्—"

"गप," आई म्हणाली.

मोठ्यानं नाही. पण तात्या गप झाले.

"म्हैना झाला त्याच्या डुईला पू झालाय," आई बिरूकडंच बघत म्हणाली. "म्हैनाभर मला त्याच्या डुईत हात घालाय सवड झाली न्हाय. तुमाला झाली? त्येच्या बापाला झाली? हिला झाली. हिनं जे हाताला घावलं ते लावलं, आन् आपल्या बी डोस्क्याला लावलं. त्यो त्यात मरतोय आसं हिला वाटलं असतं, तर आपल्याला लावलं असतं का? बोला की."

सिस्टर कागद घेऊन आत आली. तोंडावर आता रुमाल नव्हता. "मुलाजवळ आई आहे, ते लिहिलंय," ती म्हणाली. "या बाईजवळ कोण थांबणार? जवळचं माणूस पाहिजे. नवरा थांबतोय का?"

तात्या दारातच राहिले. आई उठली, दोन खाटांच्या मधे फरशीवर बसली आणि तिनं हात लांब करून काकीचा हात हातात घेतला.

"मीच थांबत्ये. दोघांपाशी बी."

"तुम्ही हिच्या कोण? मघाशी हे आजोबा म्हणाले, जाऊ."

"बहीण," आई म्हणाली. "सख्खी. लिवा."

सिस्टरनं आईकडं बघितलं, मग तात्यांकडं, आणि लिहिलं.

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. काकीचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मॅडमनी सांगितलेलं ते कोरडं पडणं मला कसं ओळखायचं ठाऊक नव्हतं, पण मी बघतच राहिले. ओठ हलले. आधी काही ऐकू आलं नाही. मग तिची जीभ बाहेर आली, ओठांवरून फिरली आणि तिथंच चिकटली.

"पाणी," काकी म्हणाली. घोगऱ्या, खरखरीत आवाजात. "वैनी, घसा वाळलाय. पाणी."

मी मॅडमना हाक मारायला धावले. दारात तात्या आडवे आले, त्यांना बाजूला व्हायचं सुचेना. मागून आईचा आवाज आला.

"ऐकलं न्हवं? पाणी मागतीया ती."

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि ते नळ कुठं आहे ते विचारत विचारत गेले.